48 मिनिटं, 31 शॉट: एका बास्केटबॉल सामन्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

22 नोव्हेंबर 1950, बुधवार. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी. मिनिआपोलिस ऑडिटोरियममध्ये 7,021 लोक तिकीट काढून आले होते, ते मुख्यतः एका माणसाला बघायला. जॉर्ज मायकन. सहा फूट दहा इंच उंची, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि त्या काळात दुसऱ्या कुणाला न जमणारा गुणांचा रतीब. त्याचा संघ मिनिआपोलिस लेकर्स आदल्या मोसमाचा विजेता होता आणि घरच्या मैदानावर सलग 29 सामने जिंकून बसला होता. समोर फोर्ट वेन पिस्टन्स. इंडियाना राज्यातल्या छोट्या शहराचा संघ, मालक फ्रेड झोलनर यांचा पिस्टन बनवायचा कारखाना, म्हणून हे नाव. आदल्या मोसमाच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, याच लेकर्सनी त्यांना 2-0 असं बाहेर काढलं होतं.

सामना संपला तेव्हा फलकावर पिस्टन्स 19, लेकर्स 18 असं होतं. पूर्ण 48 मिनिटांच्या खेळात दोन्ही संघांचे मिळून 37 गुण. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या इतिहासात यापेक्षा कमी गुणांचा सामना नाही.

प्रकरण अभ्यासात नावं झाकायची पद्धत असते. इथे सामनाच जगजाहीर आहे, त्यामुळे ते हास्यास्पद होईल. बिननावाचे राहिलेत ते फक्त पंच आणि प्रेक्षक.

लीगची स्थिती सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. 1949 साली दोन लीगचं विलीनीकरण होऊन एनबीए हे नाव आलं. पहिल्या मोसमात 17 संघ होते, दुसऱ्या म्हणजे या मोसमाची सुरुवात 11 संघांनी झाली. त्यातला वॉशिंग्टनचा संघ जानेवारी 1951 मध्येच गुंडाळला गेला. व्यावसायिक बास्केटबॉल हा तेव्हा तिकीटविक्रीवर कसाबसा तगलेला धंदा होता आणि कॉलेजचा खेळ त्याच्यापेक्षा लोकप्रिय होता.

अडचण

अडचण दोन पातळ्यांवर होती आणि दोन वेगळ्या माणसांची होती.

पहिली पिस्टन्सचे प्रशिक्षक मरे मेंडेनहॉल यांची. मायकनला अडवायचं कसं? बास्केटखालचा रंगवलेला पट्टा, ज्याला पेंट म्हणतात, तेव्हा जेमतेम सहा फूट रुंद होता. चढाई करणाऱ्याला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ त्या पट्ट्यात थांबता येत नसे, पण पट्टाच इतका अरुंद, की मायकन त्याच्या कडेला उभा राहिला तरी बास्केट हाताच्या अंतरावर. सोबतीला जिम पोलार्ड आणि व्हर्न मिकेल्सन, तेही उंच आणि दांडगे. झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, लीगने 1947 पासून बंदी घातलेली, त्यामुळे बास्केटखाली भिंत उभी करण्याचा मार्गही बंद.

दुसरी अडचण लीगचे अध्यक्ष मॉरिस पोडोलॉफ यांची. ती त्या रात्रीनंतर सुरू झाली. मेंडेनहॉल यांनी जे केलं ते नियमाला धरून होतं. चेंडू किती वेळ हातात ठेवायचा याला काही मर्यादाच नव्हती. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाला बघायला काही मिळालं नाही, आणि तक्रार करायला कुणाचा गुन्हा नव्हता.

समोर असलेले पर्याय

मेंडेनहॉल यांच्यापुढे ढोबळमानाने चार वाटा होत्या.

नेहमीसारखं खेळायचं, ही पहिली. याचा निकाल आधीच ठाऊक होता.

मायकनवर दोघं-तिघं घालायचे, ही दुसरी. पण मग पोलार्ड किंवा मिकेल्सन मोकळा सुटतो. लेकर्सचं खरं बळ तिथेच होतं. मायकन नावाचा पोलादी खांब बाजूला ठेवला तरी उरलेला संघ चांगलाच होता.

मायकनवर सतत फाउल करायचे, ही तिसरी. त्या काळात ही चाल सर्रास चालायची. हिशोब सोपा होता. समोरच्याला एक फ्री थ्रो मिळतो, म्हणजे कुणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकायची संधी, जास्तीत जास्त एक गुण. बदल्यात चेंडू आपल्याकडे येतो आणि आपण दोन गुणांचा प्रयत्न करू शकतो. पण मायकनचा फ्री थ्रो सहसा चुकत नसे, आणि फाउल करणारे आपले मोठे खेळाडू एकेक करून बाहेर बसायला लागतात.

चौथी वाट, चेंडूच द्यायचा नाही. मायकन कितीही मोठा असला तरी चेंडूशिवाय गुण करू शकत नाही.

या चौथ्या वाटेमागे निव्वळ हताशपणा होता असं मला वाटत नाही. त्यात गणित आहे. समजा, दर दहा चढायांमागे लेकर्स तुमच्यापेक्षा एक गुण जास्त करतात. शंभर चढायांचा सामना झाला तर फरक दहा गुणांचा होतो, आणि नशीब कितीही बरं असलं तरी दहा गुण भरून निघत नाहीत. सामना वीस चढायांचा केला तर फरक उरतो दोन गुणांचा. तेवढा एक हुकलेला फ्री थ्रो आणि एक सुदैवी शॉटही भरून काढतात. दुबळ्या संघाने सामना आखूड करावा; मिनिटं कमी करता येत नसतील तर चढाया कमी कराव्यात. मेंडेनहॉल यांनी कागदावर असं मांडलं होतं की नाही हा वेगळा मुद्दा. त्यांच्या निर्णयाचा अर्थ हाच होतो.

त्या रात्री काय झालं

पहिल्या क्वार्टरनंतर, म्हणजे बारा मिनिटांनी, पिस्टन्स 8-7 ने पुढे. मध्यंतराला लेकर्स 13-11. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी लेकर्स 17-16.

मधले दोन टप्पे नीट बघा. पिस्टन्स मध्यंतराला दोन गुणांनी मागे होते, छत्तीस मिनिटांनंतरही एका गुणाने मागेच. वेळकाढूपणा आघाडीवर असलेला संघ करतो, हे कोणत्याही खेळात समजण्यासारखं आहे. इथे पिछाडीवरचा संघ चेंडू धरून उभा होता. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय सुरुवातीचा नव्हता, मध्यंतराचा होता. सुरुवातीला गमवायला काही नव्हतं. मध्यंतराला मात्र मागे असताना, प्रेक्षकांची हुर्यो ऐकत, तीच चाल पुढे रेटायची होती. घाबरून खेळ मोकळा केला असता तर लेकर्सना हवी तशी धावपळ सुरू झाली असती. फक्त दोन गुणांनी मागे आहोत, याचा अर्थ चाल लागू पडतेय, असा तो हिशोब असावा.

चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सनी एक गुण केला आणि पिस्टन्सनी तीन. बारा मिनिटांत चार गुण. अगदी शेवटी लेकर्स 18-17 ने पुढे होते. घड्याळात काही सेकंद उरलेले असताना पिस्टन्सच्या लॅरी फाउस्टने बास्केटकडे घुसून मायकनच्या उंचावलेल्या हातांवरून चेंडू टाकला. त्या क्वार्टरमधली ती एकमेव बास्केट. बाकीचे दोन गुण फ्री थ्रोचे.

कागदावरचे आकडे

आता स्कोअरशीट उघडू. या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

लेकर्सच्या 18 गुणांपैकी 15 मायकनचे. चार फील्ड गोल (चालू खेळातली दोन गुणांची बास्केट), सात फ्री थ्रो. बॉब हॅरिसनचे दोन, पोलार्डचा एक. म्हणजे मायकन सोडून एकाही लेकरने फील्ड गोल केला नाही. संघाचे 83 टक्के गुण एकट्याचे, हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. पिस्टन्सकडून सर्वाधिक गुण जॉन ओल्डहॅमचे: पाच. संघातला सर्वाधिक गुण करणारा खेळाडू पाचावर थांबतो आणि संघ जिंकतो.

बहुतेक सगळे लेख इथेच थांबतात. 18 पैकी 15, 19-18, विक्रम, गंमत. मला महत्त्वाचा वाटतो तो शेजारचा रकाना, शॉटच्या प्रयत्नांचा. लेकर्स 18, पिस्टन्स 13. एकूण 31.

अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे 2,880 सेकंद. 31 ने भागा. सरासरी दर 93 सेकंदांना एक शॉट. त्यातून आत गेले आठ, दोन्ही संघांचे चार-चार. म्हणजे प्रेक्षकांना सरासरी सहा मिनिटांतून एकदा चेंडू खेळातून जाळीत पडताना दिसला. बाकी 21 गुण फ्री थ्रोचे. 37 पैकी 21, निम्म्याहून जास्त गुण घड्याळ थांबलेलं असताना झाले.

आणखी एक बारीक गोष्ट. पिस्टन्सनी कमी शॉट घेतले, पण त्यांचं प्रमाण 13 पैकी 4 आणि लेकर्सचं 18 पैकी 4. चेंडू धरून ठेवण्याचा अर्थ नुसता वेळ घालवणं नव्हता. मनासारखी संधी मिळेपर्यंत थांबणं हाही होता. इतक्या लहान आकड्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरं. पण पिस्टन्स खेळत नव्हते, नुसते उभे होते, असं जे म्हटलं जातं, त्याला हा रकाना पुरता दुजोरा देत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला 7 जून 1975 चा लॉर्ड्सचा सामना आठवेल. पहिला विश्वचषक, इंग्लंडच्या 334 धावा, आणि सुनील गावसकर 60 षटकं खेळून नाबाद 36. त्या डावावर आज भांडता येतं, कारण 174 चेंडू हा आकडा वहीत आहे. क्रिकेटचा स्कोअरर प्रत्येक चेंडूला टिंब काढतो. काहीही न घडलेला चेंडूसुद्धा नोंदला जातो. बास्केटबॉलच्या शीटमध्ये न घडलेल्याला जागा नव्हती. कोण किती मिनिटं खेळलं हेही एनबीए 1951-52 पासून लिहू लागली. चेंडू गमावल्याची नोंद तर 1977-78 पासूनची. 22 नोव्हेंबरच्या रात्री चेंडू कुणाच्या हातात किती वेळ होता ते कुणीच लिहिलं नाही. त्याची सावली तेवढी उरली, शॉटच्या रकान्यात.

लीगने काय केलं

पोडोलॉफ यांनी संबंधितांना बोलावून पुन्हा असं होऊ नये ही समज दिली. नियम बदलला नाही. एका सामन्यासाठी नियम बदलायचा नाही, ही भूमिका तेव्हा वाजवी वाटली असणार.

पण हा एका सामन्यापुरता प्रकार नव्हता. सहाच आठवड्यांनी, 6 जानेवारी 1951 ला, इंडियानापोलिस ऑलिंपियन्स आणि रॉचेस्टर रॉयल्स यांचा सामना बरोबरी सुटेपर्यंत सहा जादा डाव खेळला गेला. 75-73. जादा डावांमध्ये चेंडू मिळवायचा आणि शेवटच्या शॉटसाठी धरून ठेवायचा, असं चाललं होतं. सहा जादा डाव म्हटल्यावर थरार डोळ्यांपुढे येतो. तिथे प्रेक्षक उठून जायला लागले होते.

मग 21 मार्च 1953. बॉस्टन सेल्टिक्स आणि सिराक्यूज नॅशनल्स, प्लेऑफ, चार जादा डाव, बॉस्टन 111-105. बॉब कूझीचे 50 गुण. शीट न बघता ऐकलं तर वाटेल, काय खेळला असेल! शीट सांगते की त्यातले 30 गुण फ्री थ्रोचे, 32 पैकी 30. पुढे असलेला संघ चेंडू पळवत राहायचा, मागे असलेला फाउल करून तो मिळवायचा, असा तो सगळा खेळ. वेळकाढूपणा आणि फाउल हे दोन वेगळे रोग नव्हते, एकाने दुसरा आणला होता.

लीगने या काळात उपाय केले, पण कशावर? पुढच्याच मोसमात, 1951-52 ला, पेंट सहाचा बारा फूट केला. रोख उघडपणे मायकनवर होता. फाउलच्या शिक्षेतही अधूनमधून फेरफार होत राहिले. गुण आणि फाउल हे दोन्ही रकाने शीटवर ठळक होते, आणि इलाज त्यांच्यावरच झाला. 15 गुण करणाऱ्या माणसावर उपाय एका वर्षात सापडला. 31 या आकड्यावर यायला चार वर्षं लागली.

हे सगळं निव्वळ दुर्लक्ष होतं असं नाही. मालकांमध्ये एकमत होणं कठीण होतं. वेळेची सक्ती आली तर ज्याच्याकडे संथ, उंच सेंटर (मायकनसारखा बास्केटजवळ खेळणारा गडी) आहे त्याचं नुकसान. लेकर्सचा स्वतःचा खेळही मायकन कोर्टाच्या त्या टोकाला पोचेपर्यंत थांबणारा होता. आजचा बळी हा उद्या त्याच सवलतीचा फायदा घेणार असतो, आणि असा नियम मोडीत काढायला कुणी पुढे येत नाही.

तोडगा आणि परिणाम

तोडगा आला सिराक्यूजहून. डॅनी बियासोन हे नॅशनल्सचे मालक, इटलीहून लहानपणी आलेले, बोलिंगचा व्यवसाय चालवणारे. त्यांची रीत मला फार आवडते. वाईट सामन्यांची चिरफाड करत न बसता त्यांनी स्वतःला आवडलेल्या, रंगलेल्या सामन्यांच्या स्कोअरशीट बघितल्या. त्यात एक संघ साधारण 60 शॉट घेत होता, दोन्ही मिळून 120. 2,880 भागिले 120, उत्तर 24. चेंडू हाती आला की 24 सेकंदांत शॉट घ्यायचा. एवढंच. त्या आकड्यामागे शरीरशास्त्र नाही, प्रयोगशाळा नाही. चौथीच्या वर्गातला भागाकार आहे. या कामात नॅशनल्सचे व्यवस्थापक लिओ फेरिस यांचाही वाटा होता, आणि श्रेय कुणाला किती यावर अजून वाद होतात.

10 ऑगस्ट 1954 ला सिराक्यूजमधल्या ब्लॉजेट व्होकेशनल हायस्कूलच्या जिममध्ये मालकांसमोर हे 24 सेकंदांचं घड्याळ लावून खेळाचं प्रात्यक्षिक झालं. 30 ऑक्टोबरला पहिला अधिकृत सामना, रॉचेस्टर 98, बॉस्टन 95. त्याच मोसमात संघाच्या फाउलवरही क्वार्टरमागे सहाची मर्यादा आली. हा जोड नियम लोक विसरतात. नुसतं घड्याळ आणलं असतं तर फाउल करून चेंडू परत मिळवायची चाल शिल्लक राहिली असती.

1953-54 मध्ये संघाची सरासरी 79.5 गुण होती, 1954-55 मध्ये ती 93.1 झाली. बॉस्टनचा संघ मोसमभराच्या सरासरीत शंभरच्या वर गेला, हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. त्या मोसमाच्या अंतिम फेरीत सिराक्यूजसमोर फोर्ट वेन पिस्टन्सच होते. सातव्या सामन्यात पिस्टन्सनी 17 गुणांची आघाडी घेतली. 1950 चे नियम असते तर चेंडू धरून बसायला याहून चांगली वेळ नव्हती. घड्याळाने ते होऊ दिलं नाही. सिराक्यूजने पिछाडी भरून काढली आणि सामना 92-91 असा जिंकला.

मायकन घड्याळ येण्याआधीच, 1954 मध्ये निवृत्त झाला होता. 1955-56 मध्ये परत आला, 37 सामने खेळला, सरासरी 10.5. याचं खापर अनेकजण घड्याळावर फोडतात. दुखापतींनी खिळखिळं झालेलं शरीर आणि मधली रजा लक्षात घेता मला ते निम्मंच पटतं.

वेगळं काय करता आलं असतं

लेकर्सचे प्रशिक्षक जॉन कुंडला यांच्यापासून सुरुवात करू. समोरचा संघ चेंडू धरून उभा आहे हे पहिल्या क्वार्टरमध्येच दिसलं होतं. अशा वेळी बचाव पुढे नेऊन चेंडूवर चढाई करणं हा उघड उतारा. त्याची किंमत अशी, की मायकनसारख्या माणसाला बास्केटपासून दूर आणावं लागतं, मागे मोकळी जागा राहते, आणि फाउल वाढतात. मिकेल्सन किंवा मायकनला थोडा वेळ बाकावर बसवून चपळ गडी आत घालता आले असते. घरच्या प्रेक्षकांसमोर, 29 विजयांनंतर, मायकनला बसवायची हिंमत कोण करेल हा प्रश्न आहेच. पण मध्यंतराला 13-11 ही आघाडी आहे असं समजणं ही चूक होती. चांगल्या संघासाठी तो आकडा धोक्याचा होता.

पोडोलॉफ यांच्या बाबतीत माझं मत थोडं कडक आहे. त्यांनी निषेध, समज, बैठक हे सगळं केलं. पण त्या मोसमाच्या शीट मागवून शॉटचा रकाना बघण्याचं काम लीगच्या कार्यालयातून कुणी केल्याचं दिसत नाही. 19-18 हा अपघात आहे की कल, हे ठरवायला तेवढं पुरलं असतं. किती सामन्यांत 100 पेक्षा कमी शॉट झाले, आणि त्या सामन्यांना पुढच्या वेळी प्रेक्षक किती आले, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. दोन्ही त्यांच्याच फायलींत होते. शिवाय प्रयोगाला दर्शनी सामने होते. नियम थेट लीगमध्ये आणायची गरज नव्हती. 1954 मध्ये शाळेच्या जिममध्ये जे केलं ते 1951 च्या उन्हाळ्यातही करता आलं असतं. मधल्या काळात संघ कमी होत गेले. 1954-55 च्या सुरुवातीलाच, नोव्हेंबरमध्ये, बाल्टिमोर बंद पडल्यावर आठच उरले. सगळे संघ संथ खेळामुळे बुडाले असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण 1953-54 मध्ये ड्युमाँट वाहिनीने सामने टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली तेव्हा दाखवायला हाच माल होता.

मेंडेनहॉल यांच्या निर्णयात मी काही बदलणार नाही. प्रेक्षकांचं मनोरंजन ही त्यांची जबाबदारी नव्हती, ती लीगची होती. त्यांना सामना जिंकायला नेमलं होतं आणि त्यांनी तो जिंकला. त्या मोसमात पिस्टन्स 32 जिंकले, 36 हरले, प्लेऑफमध्ये रॉचेस्टरकडून बाहेर पडले, आणि पुढच्या मोसमात त्यांच्या जागी पॉल बर्च आले.